त्या घरांत मुलेही असतील ना?

सुरतेस माझी गाण्याची शिकवणी संध्याकाळी सहाला आटोपते. त्यानंतर मुलांनी अर्धा तास काहीतरी मोठ्याने वाचावे, असा माझ्याकडे परिपाठ आहे. गळ्याला विसावा मिळतो आणि कान जागा राहतो. पेटीशेजारी एक फळी आहे. तिच्यावर वडिलांच्या ट्रंकेतून आलेली पुस्तके आहेत, आणि मुले आपापल्या घरून आणतात तीही.

वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यातील अखेरच्या मंडळींपैकी. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीचे होते; मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. त्यांच्या ट्रंकेत चिजांच्या वह्यांखाली श्रीसयाजी बालज्ञानमालेतील दोन लहानशी पुस्तके निघाली, एक मराठी आणि एक गुजराती. सयाजीराव महाराजांनी ग्रंथांसाठी दोन लाखांचा निधी बाजूला काढला होता. त्यातून मोठ्यांसाठी साहित्यमाला निघाली आणि मुलांसाठी ही बालज्ञानमाला. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर ती पुस्तके अजून असतील.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. दहा वर्षांचा एक मराठी मुलगा मामाने पुण्याहून पाठवलेले शिवचरित्र वाचत होता. शेजारी त्याच वयाची, गोपीपुऱ्याकडील जुन्या व्यापारी घरातली मुलगी ऐकत बसली होती. तिला मराठी छान समजते. गोष्ट ऐकताना प्रत्येक प्रसंगानंतर ती ‘पछी?’ म्हणते, आपण ‘मग?’ म्हणतो तसे. प्रतापगड झाला, पछी? शाहिस्तेखानाची बोटे तुटली, पछी?

मग १६६४ साल आले आणि पुस्तकातील घोडेस्वार सुरतेच्या वेशीशी येऊन उभे राहिले. मुलाचा आवाज तार सप्तकात गेला. प्रसंग संपवून त्याने तिच्याकडे पाहिले. ‘पछी’ आले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “ए घरोमां छोकरां पण हशे ने?” त्या घरांत मुलेही असतील ना?

मुलगा गडबडला. “लुटलं ते मोगलांचं,” तो म्हणाला.

“आमचे लोक तेव्हाही इथेच होते. दादाजी सांगतात.”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. आपल्या घरांतून वडीलधारे जे म्हणतात तेच मी म्हणालो, “मोठी झालीस की कळेल.” आणि म्हणताक्षणी जीभ चावली. ‘हा स्वर इथे का नको?’ असे विचारणाऱ्या शिष्याला ‘आपल्या घराण्यात लागत नाही’ म्हणून गप्प केले, की तो पुन्हा विचारीत नाही. पुढे तो गातो, पण नुसते पाठ केलेले.

त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो. शाहिस्तेखानाचा तळ पुण्यात तीन वर्षे होता. मुलूख उजाड झाला होता. त्याची भरपाई महाराजांनी मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल केली. आधी निरोप धाडून सुभेदार आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडे खंडणी मागितली होती. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. वीरजी व्होरा या धनाढ्य व्यापाऱ्याचे घर लुटीत गेले. फादर अँब्रोझ या पाद्र्याच्या घराला मात्र महाराजांनी धक्का लागू दिला नाही, असे बर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहितो. डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही, तो दानशूर होता म्हणून, वाचले. इंग्रजांच्या वखारीतील कागदांत घरे पेटल्याचे आणि बायकामुलांसह लोक पळाल्याचेही लिहिलेले आहे.

पुढच्या शिकवणीला मी हे सारे दोघांना सांगितले, गाळले काही नाही. “मुलं होती,” मी मुलीला म्हणालो. “शहर सोडून पळाली.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाद्रीचं घर वाचलं. पछी?”

मुलाने मात्र पुस्तकाच्या पानावर बोट ठेवले. “मग हे यात का नाही, मास्तर?”

त्यानंतरच्या आठवड्यात तिने ‘बकोर पटेल’ आणले. हरिप्रसाद व्यासांचा हा बोकड म्हणजे सुरतेचीच कमाई. १९३६ ते १९५५ पर्यंत त्याच्या गोष्टी इथल्या ‘गांडीव’ पाक्षिकात येत होत्या. त्याची बायको शकरी पटलाणी आणि मित्र वाघजीभाई वकील. “वाघ बोकडाला खात नाही?” मुलाने विचारले. “वकील आहे तो!” ती म्हणाली, आणि दोघे पोट धरून हसली.

प्रकरण इथे मिटले नाही. मुलाचे आजोबा भेटीस आले. तीन पिढ्या सुरतेत काढलेले घर. “मास्तर, महाराजांविषयी पोराच्या मनात किंतू येता कामा नये,” ते म्हणाले. बोलण्यात राग होता, आणि काळजीही. परमुलखात राहणाऱ्याला आपली दैवते हाताशी लागतात, हे मला कळते. मीही तसाच वाढलो आहे. मी त्यांना एवढेच सांगितले, की मुलगा तेच प्रकरण आता पुन्हा पुन्हा वाचतो, आणि फळीवरचे पुस्तक काढून त्यांच्या हाती दिले. सुरतेच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिले होते: ‘इथे मुलं पण होती.’

आजोबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. खोडरबर पेटीवरच पडले होते. त्यांनी पान उलटले, पुस्तक मिटले आणि फळीवर होते तिथे ठेवले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, “ती मुलगी येते ना अजून गाण्याला?”

येते, म्हटले. सध्या दोघांचा भूप चालला आहे.