पंचवीसपैकी तिसरा चेहरा

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या.

कासुर्डीला आमच्या घरी भिंतीवर आजीचा फोटो आहे. ती गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटोच सापडेना. शेवटी काकांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा मोठा करून घेतला. मोठा केल्यावर फोटो फुटला, मग स्टुडिओवाल्याने डोळे, कुंकू आणि पदर हाताने रंगवले. अर्धी आजी कॅमेऱ्याची, अर्धी ब्रशची! आत्या आजही म्हणते, "ही आमची आई नव्हेच."

हेच काम काही चित्रकार मुद्दाम करतात, तेही स्वतःच्या चेहऱ्यावर. १९२९ साली जन्मलेला ऑस्ट्रियाचा आर्नुल्फ रायनर १९६०च्या दशकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या रेल्वे स्टेशनवरच्या फोटो-बूथमध्ये बसून वेडीवाकडी तोंडं करत स्वतःचे फोटो काढायचा आणि अशा फोटोंवर जोरजोरात रेघा ओढायचा. कारण फोटोत वाकडं तोंड दिसतं, पण ते करताना अंगात आलेला ताण दिसत नाही. तो त्याने रेघांनी दाखवला.

फोटो आणि रेघा मिळून छापील प्रतीही काढता येतात. पीसीबी बनवलेल्यांना ही पद्धत लगेच कळेल. तांब्याच्या प्लेटवर प्रकाशाला संवेदनशील थर देऊन फोटो उतरवायचा, सुईने रेघा काढायच्या, मग फेरिक क्लोराइडमध्ये प्लेट खोदून घ्यायची. खाचांत शाई भरून दाबाखाली कागद काढला की झाली प्रत. खाली चित्रकार पेन्सिलने ३/२५ लिहून सही करतो. म्हणजे एकूण प्रती पंचवीस, ही तिसरी. नंतर बरेचदा प्लेटवर आडवी रेघ मारून ती बाद करतात.

राजा रविवर्म्याने याच्या बरोब्बर उलट केलं. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला त्याचा छापखाना पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे देवांची चित्रं मोजदाद न ठेवता छापली, म्हणून ती साध्या घरांतही पोचली.

मग प्रती मोजक्याच का? किंमत वाढावी म्हणून, हे खरंच आहे. पण दाबाने प्लेटही झिजते, रेघा पुसट होतात. आणि सहीचा अर्थ असा, की ही रेघ माझी, जबाबदारी माझी. आपण काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी मारतो, तेव्हा शीटवर नाव आपलं असतं, पण रेघ कोणाची?

आजीच्या फोटोत नेमकी हीच गडबड झाली. स्टुडिओवाल्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. रायनर निदान आपलंच तोंड रंगवत होता.

या दिवाळीत त्या फोटोची झेरॉक्स घेऊन आत्याजवळ बसायचं ठरवलंय. ती सांगेल, मी पेन्सिल चालवीन. ग्राफिक्समध्ये मला एटीकेटी लागली होती, त्यामुळे आजी कशी उतरेल देव जाणे! पण आत्या "हं, अशीच होती" म्हणाली, तर खाली लिहीन: १/१.