रमाईचं दुखणं

फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेला एक कौटुंबिक फोटो आंबेडकरी घरांमध्ये चांगला ओळखीचा आहे. मुलगा यशवंत, बाबासाहेब, त्यांच्या पत्नी रमाबाई, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. फोटो बघणारा आधी बाबासाहेबांकडे बघतो, मग टॉबीकडे बोट दाखवतो. डोईवर पदर घेतलेल्या रमाबाईंची तब्येत तेव्हाच खालावलेली होती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. सव्वा वर्षानं, २७ मे १९३५ रोजी, त्याच घरात त्या गेल्या. वय अवघं सदतीस.

७ फेब्रुवारी ही त्यांची जयंती. त्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातल्या बुद्धविहारांत पांढऱ्या साड्यांतल्या बायका जमतात, भीमगीतं होतात, भाषणं होतात. भाषणांत एक शब्द ठरलेला असतो: त्यागमूर्ती. शेण्या थापल्या, अर्धपोटी दिवस काढले, साहेबांना शिकू दिलं. यातलं काहीच खोटं नाही. पण त्यागाच्या या पाढ्यात एक हाडामांसाची बाई हरवते. वर्षानुवर्षं अंगावर दुखणं काढणारी, आणि तरीही दुसऱ्याच्या पोराच्या पोटाची काळजी करणारी.

दापोलीजवळच्या वणंद गावात १८९८ साली त्यांचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई-वडील लवकर गेले आणि पोरकी भावंडं नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, रमाचं लग्न लागलं. नवरी आठ-नऊ वर्षांची. पुढचा संसार परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांचा. नवरा १९१३ ला अमेरिकेला गेला, परत आला, १९२० ला पुन्हा लंडनला गेला.

याच वर्षांत तिची बाळंतपणं झाली. पाच मुलांतला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि जुलै १९२६ मध्ये धाकटा राजरत्नही गेला. तीन मुलगे आणि एक मुलगी आपण पुरली, असं बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र वाचताना आजही घशात आवंढा येतो. पत्र बापाचं आहे. आईनं काही लिहून ठेवलेलं नाही.

हे एकाच घरावर कोसळलेलं नव्हतं. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बालमृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. नोंदणीतले घोळ वजा केले तरी आकडा भयंकरच उरतो. एका खोलीत माणसं कोंबलेली, हवा-उजेड नाही, पोटाला पुरेसं नाही, त्यात एकामागून एक बाळंतपण. गिरणगावातली बाई आजारी पडायची ती अशी, हळूहळू. रमाबाईंचं दुखणंही असंच वर्षानुवर्षं मुरत गेलं.

हवापालट म्हणून त्यांना धारवाडलाही नेलं होतं. फारसा गुण आला नाही. धारवाडच्याच मुक्कामातली एक आठवण सांगितली जाते. तिथं बळवंतराव वराळे दलित मुलांचं वसतिगृह चालवत. एकदा अंगणात रोज खेळणारी मुलं दिसेनात. चौकशी केली तेव्हा कळलं, अनुदान आलेलं नाही, कोठीत दाणा नाही, पोरं उपाशी आहेत. रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून दिल्या: गहाण टाका नाहीतर विका, पण पोरांना जेवू घाला. सांगणाऱ्यागणिक या गोष्टीचे तपशील बदलतात. कुणी उपाशी दिवस दोन सांगतं, कुणी तीन. बांगड्या मात्र प्रत्येक वेळी उतरतातच.

नरसी नामदेव ज्यात येतं त्या हिंगोली जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेबांनी नेलं नाही. जिथं आपल्या माणसांना देवळाच्या आत पाऊल टाकता येत नाही तिथं कशाला जायचं, आपण आपलं वेगळं पंढरपूर उभारू, अशी त्यांनी समजूत काढल्याचं कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात येतं. त्या गेल्या असत्या तरी महाद्वारापाशी, नरसीच्या नामदेवांच्या पायरीसमोर, चोखोबांच्या समाधीजवळूनच हात जोडून परत फिरावं लागलं असतं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचं मंदिर खुलं झालं ते १९४७ मध्ये, रमाबाई जाऊन बारा वर्षं झाल्यावर.

बाबासाहेबांनी मात्र त्यांना कसं आठवलं? ‘बहिष्कृत भारत’मध्ये १९२८ साली त्यांनी कबूल केलं होतं की, आपण परदेशातून परतल्यावरच्या हलाखीत जिनं शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या त्या ममताळू बायकोसाठी आपल्याला दिवसाचा अर्धा तासही काढता येत नाही. १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला, तो त्यांनी ‘रामू’च्या, म्हणजे रमाबाईंच्या, स्मृतीला अर्पण केला. अर्पणपत्रिकेतला क्रम बघण्यासारखा आहे. पहिल्यांदा येतो तिच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, मग मनाची थोरवी, मग निर्मळ चारित्र्य. कुणी मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत तिनं शांतपणे सोबत सोसलं, हे त्याच्यानंतर.

आपण हा क्रम उलटा केला. तिचं सोसणं पुढे आणलं आणि चांगुलपणा मागे टाकला. सोसण्याचीच आरती होऊ लागली की घराघरातल्या बायकांनाही तेच शिकवलं जातं: दुखणं सांगू नये, अंगावर काढावं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. हळदीच्या रानात दिवसभर खपणाऱ्या, ‘रमाई आवास’च्या घरकुलात राहणाऱ्या आपल्या बायका या आकड्याबाहेरच्या आहेत, असं मानायला काहीच कारण नाही.

तेव्हा हिंगोली, सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमतच्या जयंती मंडळांना एक विनंती. येत्या ७ फेब्रुवारीला भाषणं एक-दोन कमी ठेवा. मंडपाच्या एका कोपऱ्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीनं हिमोग्लोबिन तपासायचं टेबल लावा, आणि स्वयंपाकाच्या चुलीपाशी बसलेल्या बायकांना आधी तिथं बोलवा.