पाऊस पडण्याआधी शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्या

पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत बांधावर कोवळे गवत येते. उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेली जनावरे त्यावर तुटून पडतात. मग एखाद्या सकाळी कळपातले सर्वांत धट्टेकट्टे कोकरू मरून पडलेले दिसते. कोणी म्हणतो पान लागलं, कोणी म्हणतो नजर लागली. पुष्कळदा खरे कारण आंत्रविषार हे असते.

या रोगाचे जंतू निरोगी जनावराच्या आतड्यातही थोडेफार असतात. एकदम कोवळा चारा किंवा खळ्यावरचे धान्य जास्त पोटात गेले, की ते भराभर वाढून 'एप्सिलॉन' नावाचे विष सोडतात. विष रक्तात उतरते. त्याचे सात कण पेशीच्या पापुद्र्यावर जमून कडे करतात आणि आरपार भोक पाडतात. आतले पोटॅशियम बाहेर जाते, बाहेरचे सोडियम आत शिरते, पेशी फुगून मरते. मेंदूला व मूत्रपिंडाला मोठा तडाखा बसतो. जनावर झटके देते, मान मागे टाकते आणि काही तासांत खेळ खलास!

भोके पाडणारे विष आपल्याला नवे नाही. जालन्यात सुरू झालेल्या महिको कंपनीच्या बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. तिच्यातले प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला अशीच भोके पाडते. तिथे अळी मरते, इथे आपली शेळी.

लसीत हेच विष निकामी करून दिलेले असते. ते ओळखून शरीर प्रतिपिंडे तयार करते. पुढे खरे विष आले की प्रतिपिंडे त्याला रक्तातच बिलगतात; मग ते पेशीला चिकटत नाही, कडे बनत नाही. मात्र पडलेले भोक प्रतिपिंडे बुजवू शकत नाहीत. म्हणून जनावर आडवे पडल्यावर लसीसाठी धावून उपयोग नाही.

तेव्हा एवढे करा :

- पहिल्यांदा लस देताना १४-१५ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा द्या. पहिली मात्रा मेच्या मध्यापर्यंत झालीच पाहिजे. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी टोचा.
- गाभण शेळीला शेवटच्या महिना-दीड महिन्यात लस द्या. तिची प्रतिपिंडे चिकातून करडाला मिळतात. चीक वाया घालवू नका.
- कोवळ्या चाऱ्यावर एकदम सोडू नका. आधी वाळली वैरण द्या.
- लस बर्फातच आणा.

सरपंच व ग्रामसेवकांनी एप्रिलमध्येच गावातील शेळ्या-मेंढ्यांची मोजणी करून पशुवैद्यकीय दवाखान्यात मागणी द्यावी. ही लस पुण्याजवळ औंध येथील शासकीय संस्थेत तयार होते. मागणी वेळेवर गेली, तरच ती पावसाच्या आत गावात पोचेल.