सरोवराची निवळी

घागरीतले पाणी गढूळ असले तर त्यात निवळीचे बी उगाळून घालायची आपल्याकडची जुनी रीत आहे. थोड्या वेळात गाळ तळाला बसतो. पण पाणी चाळीस चौरस किलोमीटर पसरलेले असेल आणि गढूळपणा मातीचा नसून वाढत्या शेवाळाचा असेल तर? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराला लागून असलेल्या मेंडोटा सरोवरात 1987 सालापासून निवळी म्हणून मासे सोडले गेले. तेही शेवाळ खाणारे नव्हेत, मासे खाणारे.

मेंडोटाच्या आसपास दुभत्या जनावरांचे गोठे आणि मक्याची शेते आहेत. तिथल्या शेणखतातला फॉस्फरस पावसाबरोबर सरोवरात उतरतो आणि उन्हाळ्यात पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरते. या शेवाळावर चरणारा जीवही त्याच पाण्यात असतो. त्याचे नाव डॅफ्निया. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा हा कवचधारी दिवसभर पाणी गाळून शेवाळ खातो. सिस्को, पर्च असे मासे मात्र त्यालाच वेचून खातात. म्हणजे या माशांना खाणारा वाढला की डॅफ्निया वाचतो आणि शेवाळ घटते. मोठ्याने लहानाला गिळावे या मत्स्यन्यायाला आपल्या राजनीतिग्रंथांनी अराजक मानले; इथे सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

कल्पना हवेतली नव्हती. 1985 साली संशोधक स्टीफन कार्पेंटर, जेम्स किचेल आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधल्या पीटर नावाच्या छोट्या तळ्यातले बहुतेक शिकारी बास मासे धरून शेजारच्या ट्यूसडे तळ्यात नेले आणि तिथले चिमुकले मासे काढून घेतले. ट्यूसडेतले शेवाळ घटले.

तळे ते सरोवर ही उडी मोठी होती. 1987 ते 1999 या काळात मेंडोटात वॉलआय माशाची सुमारे 27 लाख आणि नॉर्दर्न पाइकची सुमारे 1 लाख 70 हजार बोटुकली सोडली गेली. वॉलआय हा अंधारात डोळे काचेसारखे चमकवणारा, रात्रीचा शिकारी. पाइक लांबट, सुसरीच्या जबड्याचा. अडचण एवढीच की वॉलआय चवीला फार उत्तम. मासे सोडल्याची बातमी पसरली तसे गळ घेऊन येणारे वाढले. सरोवरातल्या अन्नसाखळीच्या टोकाला पाइक नव्हे, होडीत बसलेला माणूस होता, आणि त्याला आवरल्याशिवाय बाकीचा हिशेब जुळणार नव्हता.

म्हणून 1988 साली नियम कडक झाले: ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा, आणि दिवसाला न्यायचे मासेही कमी. वॉलआयसाठी 1991 मध्ये, पाइकसाठी 1996 मध्ये बंधने आणखी आवळली. किमान लांबीचा नियम एरवी माशाला निदान एकदा अंडी घालता यावीत म्हणून असतो. इथे त्याला दुसरे काम होते. शिकाऱ्याने ताटात जाण्यापूर्वी काही वर्षे सरोवरात जेवत राहावे, हे ते काम. मला या प्रयोगातला सर्वांत कल्पक भाग हाच वाटतो, बोटुकलींचे लाखांचे आकडे नव्हेत.

नशीबही धावून आले. सिस्कोला थंड पाणी लागते. 1987 च्या कडक उन्हाळ्यात वरचे पाणी तापले, खालच्या थंड पाण्यात प्राणवायू उरला नाही, आणि मधल्या मध्ये कोंडलेले सिस्को मोठ्या संख्येने मेले. हेक्टरी 300 ते 600 किलो असलेले प्लवकभक्षी (डॅफ्नियासारखे पाण्यात तरंगणारे चिमुकले जीव खाणारे) मासे पुढे 20 ते 40 किलोंवर आले. ते पुन्हा वाढू नयेत याची काळजी शिकाऱ्यांनी घेतली. डॅफ्नियाची मोठ्या चणीची जात फोफावली आणि पाणी निवळले. फॉस्फरस भरपूर वाहून आलेल्या वर्षीही ते बऱ्यापैकी स्वच्छ राहिले.

2009 साली मात्र याच पाण्यात लांब काटेरी शेपटीचा, युरोप-आशियातून आलेला एक प्लवक सापडला. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो आधी पंचमहासरोवरांत पोहोचला होता. तो डॅफ्निया खातो. काही वर्षांतच पाण्यातली दृश्यता जवळजवळ एक मीटरने घटली. ती परत मिळवण्यासाठी सरोवरात येणारा फॉस्फरस 71 टक्क्यांनी कमी करावा लागेल आणि त्याला साडेआठ ते सोळा कोटी डॉलर लागतील, असा अंदाज संशोधकांनी 2016 मध्ये मांडला.