चढता येईल असा गवा

मैदानावरच्या शिल्पांचा गेल्या नऊ दशकांचा मागोवा घेतला, तर मुलांनी आपली मानली ती शिल्पं अंगाखांद्यावर खेळू देणारीच होती. शिल्पकार इसामु नोगुचींनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कसाठी पायऱ्या-घसरगुंड्यांचा अख्खा डोंगर सुचवला, तेव्हा अधिकाऱ्यांनी तो हसण्यावारी नेला; अमेरिकेत त्यांचं मैदान उभं राहिलं ते थेट १९७६ मध्ये, अटलांटात. आपल्याकडे मुंबईच्या कमला नेहरू पार्कात १९५२ पासून म्हातारीचा बूट आहे. म्हातारी इंग्रजी बडबडगीतातली, मराठी मुलखाशी तिचं नातं शून्य. तरी पिढ्या त्यात चढल्या, कारण बुटाच्या आत शिरता येतं. नंतरच्या बागांतून मात्र उरला तो आ वासलेला पेंग्विन, पोटात कचरा घेणारा. (निसर्गाची याहून विचित्र ओळख मुलांना कोण करून देणार?)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीच्या बाजूला शिल्प मुलांच्या हाती कसं द्यावं हे शिकायला लांब जायला नको. बेंदराला कुंभाराकडून आलेला मातीचा बैल पूजेनंतर मुलांच्या हातात येतो. दिवाळीचा किल्ला तर मुलंच चिखलात कोपरापर्यंत हात बुडवून रचतात. मोठ्या मापाचं कसबही जिल्ह्यात आहे: कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात सिमेंटचं अख्खं गाव उभं आहे, फक्त ते बघायचं, चढायचं नाही. कोडोलीच्या मैदानात चढता येईल असा सिमेंटचा गवा करावा म्हटलं, तर कुणी म्हणेल, सिमेंट उन्हात तापतं, तडकलं की सळ्या बाहेर येतात. खरं आहे, म्हणून शिल्प झाडाच्या सावलीत हवं, कडा गोल हव्यात आणि खाली वाळूचा जाड थर हवा. पण तयार फायबरचा जिराफही उन्हात विटतो, फुटला की त्याच्या कडा कापतात, आणि तो सांधायला गावात माणूस नसतो. सिमेंटची चीर गावचा गवंडी थापीनं बुजवतो. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा: गवा पन्हाळ्याच्या बाजूला शेतात उतरतो, पीक तुडवतो, त्याचं कौतुक कशाला? पण राधानगरीचं अभयारण्य ज्याच्यासाठी ओळखलं जातं तो हाच प्राणी. पायातले पांढरे मोजे आणि पाठीवरचा उंच कणा मुलांना हातानं कळला, तर त्याला पाळीव म्हैस समजण्याची चूक तरी होणार नाही.

तेव्हा कोडोलीत मैदान करणाऱ्यांना एकच विनंती: गवा चौथऱ्यावर नको. बसलेला करा, पाठ पाच वर्षांच्या मुलाला चढता येईल एवढीच ठेवा, आणि ‘हात लावू नये’ची पाटी तेवढी लावू नका.