डच शब्दांतला सांधा

डच भाषेत दोन-चार शब्द एकत्र आले की मध्ये जागा न सोडता सलग लिहितात. काम करण्यास असमर्थ ठरणाऱ्यांच्या विम्याला असलेला डच शब्द तब्बल 33 रोमन वर्णांचा आहे. नेदरलँड्समध्ये नोकरीला गेलेला मराठी माणूस अशा शब्दापुढे थबकतो. तोडायचा कुठे, जोर द्यायचा कुठे?

संध्याकाळ म्हणजे 'आव्होंत'. लिहिताना शेवटी 'द' असतो, पण डचमध्ये अक्षराच्या शेवटी 'द'चा 'त' होतो. अनेकवचनात पुढे स्वर येतो, 'द' पुढच्या अक्षरात सरकतो आणि उच्चार 'आव्होंदन' होतो. आता 'एतन', म्हणजे जेवण, जोडा. पुढे स्वरच आहे, तरी रात्रीच्या जेवणाला 'आव्होंत-एतन'च म्हणतात. शब्दांमधला सांधा व्यंजनाला पलीकडे जाऊ देत नाही. लिखाणात न दिसणारा सांधा असा कानाला कळतो, हे मला या भाषेचं सर्वांत देखणं अंग वाटतं.

कधी कधी मात्र कानही हतबल होतो. 'क्वार्त्स्लाखन' हा शब्द 'क्वार्त'नंतर तोडला तर पाव वळसे, 'क्वार्त्स'नंतर तोडला तर स्फटिकाचे थर! दोन्हींत जोर पहिल्याच अक्षरावर, त्यामुळे निवाडा संदर्भानेच करायचा. मालिशचा पलंग आणि सामूहिक प्रार्थना यांचंही स्पेलिंग एकच, पण तिथे घोटाळा कागदापुरताच. पलंग 'मसाझ-बेत', जोर 'सा'वर. प्रार्थना 'मासा-खबेत', जोर 'मा'वर.

जोडशब्दात जोर बहुधा पहिल्या घटकावर येतो. 'व्हूट' म्हणजे पाऊल, 'बल' म्हणजे चेंडू. फुटबॉलच्या 'व्हूटबल'मध्ये जोर 'व्हूट'वर. अपवाद नेमके रोजच्या वापरातले. नगरभवनाच्या 'स्तातहौस'मध्ये जोर 'हौस'वर, तर महापौराच्या 'बर्खमेस्तर'मध्ये 'मेस्'वर. हे पाठच करावे लागतात.

मराठीत जोर हलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. डच शिकताना ते महागात पडतं. 'व्होरकोमन' या क्रियापदात जोर 'व्होर'वर दिला तर अर्थ 'घडणं, आढळणं'. 'को'वर दिला तर 'घडू न देणं'. व्याकरणही या जोराच्या मागे जातं. साध्या वर्तमानकाळी वाक्यात पहिल्या क्रियापदाचा 'व्होर' सुटून शेवटी जाऊन बसतो. दुसऱ्यातला, जोर नसलेला 'व्होर' कधीच सुटत नाही.