जहाजाचे सुरक्षा ऑडिट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जहाजावर सुरक्षा व्यवस्थापनाचे ऑडिट होणार असे कळले, की पहिली धावपळ सुरू होते ती फायलींची. राहिलेल्या सह्या आणि कोरे तक्ते घाईघाईने भरले जातात, आणि ऑडिट म्हणजे कागदपत्रांची परीक्षा हा समज त्या धावपळीत अधिकच पक्का होतो. वास्तविक आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता, म्हणजे खलाशांच्या बोलण्यातला ‘आयएसएम कोड’, सांगते ते इतकेच, की जहाज सुरक्षित कसे चालवणार हे कंपनीने लिहून ठेवावे, लिहिल्याप्रमाणे काम व्हावे आणि झालेल्या कामाची नोंद राहावी. ऑडिटर या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहतो. तो ध्वजराष्ट्राचा, म्हणजे ज्या देशात जहाजाची नोंदणी झाली आहे त्या देशाच्या शासनाचा, किंवा त्या शासनाने अधिकार दिलेल्या संस्थेचा प्रतिनिधी असतो. भारतीय ध्वजाच्या जहाजांबाबत हा अधिकार मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडे आहे.

मागाहून भरलेली नोंद नेमकी याच ताडणीत उघडी पडते. खलाशाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी असा नियम आहे, आणि तिचा तक्ता जहाजावर प्रत्येकाच्या नावे ठेवला जातो. त्या तक्त्यात बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत झोपलेला दिसत असेल आणि डेक लॉगबुकात त्याच रात्री तीन वाजता जहाज धक्क्याला लागल्याची नोंद असेल, तर नाळेवर दोर सांभाळायला कोण उभे होते, हा प्रश्न ऑडिटर विचारणारच. आगीच्या ड्रिलची वेळ आणि इंधन भरण्याची वेळ एकच निघाली, तरी तोच प्रसंग ओढवतो. राहून गेलेले ड्रिल राहिले असे लिहून, त्याचे कारण आणि पुढची तारीख नोंदवणे हे खोट्या नोंदीपेक्षा कितीतरी श्रेयस्कर, कारण पहिली उणीव दुरुस्त करता येते; खोट्या नोंदीमुळे मात्र उरलेल्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास उडतो.

याला जोडूनच दुसरा समज येतो : ज्या जहाजावर एकही दोष नोंदलेला नाही, ते जहाज उत्तम. संहितेचा नववा भाग उलट अशी अपेक्षा ठेवतो, की नियमभंग, अपघात आणि होता होता टळलेले अपघात, ज्यांना जहाजावर ‘निअर मिस’ म्हणतात, कंपनीला कळवले जावेत आणि त्यांची कारणे शोधून उपाय व्हावेत. वर्षभर चाललेल्या जहाजावर कोणाचाही पाय घसरला नाही, कोणतीही दोरी तुटण्याच्या बेतात आली नाही, असे कोरी फाइल सांगू लागली, तर ऑडिटरला त्यात सुरक्षिततेपेक्षा बोलण्याची भीती दिसण्याचीच शक्यता अधिक असते.

एनसी, म्हणजे नियमाशी विसंगती, निघाली की जहाज अडकले, ही भीतीही अशीच अवास्तव आहे. साध्या विसंगतीसाठी दुरुस्तीची मुदत ठरवून दिली जाते, आणि ती सामान्यतः तीन महिन्यांपलीकडे जात नाही. माणसांना, जहाजाला किंवा पर्यावरणाला गंभीर धोका असेल अथवा संहितेची एखादी अट पद्धतशीर पाळलीच जात नसेल, तरच ती ‘मेजर’ ठरते. तिच्यावर तत्काळ उपाय होऊन तिची तीव्रता कमी झाल्याचे मान्य झाल्याशिवाय जहाज निघू शकत नाही.

संपूर्ण मॅन्युअल खलाशांकडून पाठ करून घेण्याची खटपटही व्यर्थ आहे. ऑडिटर इंजिनरूममधल्या मोटरमनला परिच्छेद क्रमांक विचारत बसत नाही. तो आपत्कालीन फायर पंप सुरू करून दाखवायला सांगतो, आणि कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा हे त्या माणसाच्या हाताला माहीत आहे का, डेकवरच्या होजमधून पाणी पुरेशा जोराने येते का, हे पाहतो. संहितेनुसार माहिती खलाशांना समजेल अशा कामकाजाच्या भाषेत मिळाली पाहिजे. म्हणून ऑडिटआधीचा आठवडा तक्ते रंगवण्याऐवजी नव्याने चढलेल्या माणसांसोबत जहाजभर फिरण्यात घालवणे अधिक शहाणपणाचे.

सर्वांत अन्यायकारक समज म्हणजे ऑडिट ही एकट्या कॅप्टनची जबाबदारी आहे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगहून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी नाळेचे दरवाजे उघडे राहिल्यामुळे बंदराबाहेर पडताच कलंडली आणि १९३ जण मरण पावले. दरवाजे बंद करणारा कर्मचारी आपल्या केबिनमध्ये झोपला होता हे खरे. पण दरवाजे बंद आहेत की नाहीत हे ब्रिजवर दाखवणारा दिवा बसवावा, अशी कंपनीच्या कॅप्टनांनी आधी केलेली मागणी कंपनीने मानली नव्हती, आणि चौकशीत दोष व्यवस्थापनापर्यंत पोहोचला. या घटनेने चालना मिळालेली संहिता १९९३ मध्ये स्वीकारली गेली आणि १९९८ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. तिने कंपनीचेही दरवर्षी ऑडिट ठेवले. कंपनीचे प्रमाणपत्र काढून घेतले गेले, तर त्यावर अवलंबून असलेल्या जहाजांची प्रमाणपत्रेही जातात. किनाऱ्यावर ‘डीपीए’, म्हणजे जहाज आणि कंपनी यांना जोडणारी नियुक्त व्यक्ती, नेमणे आवश्यक झाले, जिला कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनाशी थेट बोलता येते. कॅप्टनने व्यवस्थेचा ठरावीक काळाने आढावा घेऊन तिच्यातील उणिवा किनाऱ्याला कळवाव्यात असेही संहिता सांगते, आणि तयारीत हा आढावा बहुधा सर्वांत दुर्लक्षित राहतो, कारण ‘सर्व ठीक’ असा एका ओळीचा शेरा लिहून तो उरकता येतो. तो तपशीलवार लिहिलेला असेल, तर ऑडिटर पुढची चौकशी कंपनीकडे करतो : हा आढावा मिळाल्यावर काय केले, आणि त्याचे लेखी उत्तर कुठे आहे?